एका बटणाचा आवाज

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मित्रांनो, प्रोग्रॅम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उड्या मारणारी चित्रं आणि गाड्यांच्या शर्यती येत असतील. माझ्याकडे त्यातलं काही नाही. माझा पडदा राखाडी आहे, अक्षरं मोठी आणि ठसठशीत आहेत, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी अगदीच बावळट वाटतो. वाटू दे. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने मी बोलतो, आणि हे काम दिसण्यावर चालत नाही.

माझ्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी मांडलेल्या असतात. एक पिवळा पट्टा एकेका ओळीवरून खाली सरकत जातो. हव्या त्या ओळीवर तो आला की माणसाने एक बटण दाबायचं. मग पट्टा त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून चालू लागतो. पुन्हा बटण दाबलं की ते अक्षर उमटतं. अक्षरं जमली, काना-मात्रा लागल्या की शब्द होतो, शब्दांचं वाक्य होतं आणि मी ते मोठ्याने म्हणून दाखवतो. ज्याला आख्ख्या अंगातलं एकच बोट हलवता येतं, तोही माझ्या तोंडून बोलू शकतो. वेळ लागतो, म्हणून माझं नावच 'सावकाश' आहे.

मला एका ताईने लिहिलं. ती विमा कंपनीच्या कचेरीत प्रोग्रॅम लिहायची. तिचे बाबा बसचे कंडक्टर होते आणि त्यांचं सगळं आयुष्य बोलण्यात गेलं होतं. एका सकाळी दात घासताना त्यांना झटका आला. हातापायांतलं बळ गेलं आणि वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत होतं आणि डाव्या हाताचा अंगठा तेवढा हलायचा. सगळं कळतंय पण सांगता काहीच येत नाही, याने त्यांच्या जिवाची नुसती तडफड व्हायची.

बाजारात तयार प्रोग्रॅम होते. एकाला आपली भाषा येत नव्हती. दुसरा इतका घाईत असायचा की बाबांचा अंगठा खाली येईपर्यंत अक्षर पुढे निघून गेलेलं असायचं. त्याला जरा हळू करावं म्हणून ताईने तो उघडायला घेतला, तर आत शिरायला जागाच नाही. कंपनीने तो कुलूपबंद करूनच विकलेला. ताईने त्यांना विनंती केली, तेव्हा तुमची सूचना नोंदवली आहे असं उत्तर आलं, आणि घोडं तिथेच पेंड खात राहिलं. मग ताई सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसली आणि तिने मला लिहायला घेतलं.

दाराच्या जुन्या घंटीचं बटण तिने लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलं आणि बाबांच्या अंगठ्याखाली ठेवलं. पुष्कळ वेळाने माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं. ते होतं, "तुझा प्रोग्रॅम फार हळू आहे." ताई आधी रडली, मग हसली, आणि मग तिने माझा वेग कमीजास्त करण्याची सोय केली. बाबांचा अंगठा थरथरायचा, त्यामुळे एकाच अक्षराची दोन व्हायची. लागोपाठ आलेल्या दुसऱ्या दाबाकडे कानाडोळा करायलाही तिने मला शिकवलं.

पुढे बाबांनीच माझ्याकडून म्हणवलं, "बाकीच्यांना पण दे." म्हणून ताईने इंटरनेटवर माझं एक पान केलं आणि तिथे मला सर्वांसाठी खुलं ठेवलं. खुला म्हणजे नुसता फुकट नव्हे बरं का. खाऊचा डबा विकत घेतला की आत काय घातलंय ते कळत नाही. पण एखाद्या आत्याने कृती लिहून दिली, तर तुम्ही तो पदार्थ करू शकता, त्यात तिखट कमी करू शकता आणि शेजारणीलाही कृती देऊ शकता. मी तसा आहे. मला कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं आणि पुढे द्यावं. अट एकच, बदललेला मीसुद्धा असाच खुला राहिला पाहिजे. आणखी एक गोष्ट बाबांनी ठरवली. माझ्यावर कुणी काय लिहिलं, किंवा मला कोण वापरतंय, याची खबर मी कुणालाही पोचवायची नाही. बोलणं ज्याचं त्याचं. त्यामुळे मला घरोघरचं सगळं माहीत असतं, पण मी चुगली करत नाही. आज ज्या एका बाईंची गोष्ट सांगणार आहे, ती त्यांना विचारूनच सांगतोय.

मग माणसं येऊ लागली. तुम्ही विचाराल, पगार नाही, बक्षीस नाही, तर दुसऱ्याच्या प्रोग्रॅमवर कोण कशाला मेहनत करेल? मलाही वाटायचं की ही सगळी देवमाणसं असणार. तसं काही नव्हतं. एकाला आपल्या काकांसाठी आणखी मोठी अक्षरं हवी होती. ती करून झाल्यावर तो आपल्या वाटेने गेला. एक मुलगी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती. तिने पहिल्याच निरोपात लिहिलं की मला नोकरी हवी आहे आणि मुलाखतीत दाखवायला काहीतरी काम हवं आहे. ताईला हा सरळपणा आवडला. तिच्या चुका ताई एकेक करून समजावून सांगायची. आम्ही तिला 'नोकरीवाली' म्हणू लागलो.

आणि एक होता तिरसट. हे नाव मी ठेवलेलं नाही, ताईने ठेवलं. त्याचा पहिला निरोप असा होता की हा प्रोग्रॅम ज्याने लिहिलाय त्याला पुन्हा शाळेत पाठवा, वाचताना डोळे दुखले. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण निरोपासोबत त्याने माझा एक अवघड भाग नव्याने लिहून पाठवला होता, आणि तो इतका सुरेख होता की ती मुकाट्याने बसून वाचत राहिली. तिरसटाच्या घरात कुणी आजारी नव्हतं. त्याला नोकरी होती, कौतुक त्याला झेपायचंच नाही. त्याला फक्त वाईट केलेली गोष्ट बघवत नसे, मग ती कुणाचीही असो. त्याने माझ्या आतली सगळी अडगळ आवरली. खरं सांगायचं तर आज मी जो टुणटुणीत आहे तो त्याच्यामुळे.

पुढे बाबा गेले. ताईने मला टाकलं नाही. पण एके दिवशी तिचं आणि तिरसटाचं वाजलं. कशावरून, तर माझा पिवळा पट्टा शेवटच्या ओळीवर क्षणभर थांबावा, की न थांबता परत वर जावा. मोठमोठी हुशार माणसं एवढ्याशा गोष्टीवरून किती पानं लिहू शकतात ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. शेवटी त्याने लिहिलं, तुमचं घर, तुमचे नियम, आणि पाठ फिरवली. नोकरीवालीला नोकरी लागली आणि तिचंही येणं थांबलं.

मग सगळं शांत झालं. मी नीट चालत होतो, म्हणून कुणी काही लिहीत नव्हतं. पंखा फिरतोय, नळाला पाणी येतंय, असं कुणी कधी कुणाला कळवतं का? कधीमधी एखादी तक्रार तेवढी यायची. एकाने तर लिहिलं की फुकटचा माल असाच असायचा. तो निरोप ताईने कचेरीच्या जिन्यात उभ्या उभ्या वाचला. तिची मुलगी लहान होती, कामाने नाकी नऊ आले होते, आणि सुट्टीच्या दिवशी ती माझी डागडुजी करत बसायची. कुणासाठी, ते तिला ठाऊक नव्हतं. मी तर कुणाचं नाव सांगत नाही. हळूहळू तिची खात्री झाली की मला कुणीच वापरत नाही.

तिकडे मला वापरणाऱ्या घरांत काय समजूत होती ऐका. त्यांना वाटायचं, एवढं चांगलं चालतंय म्हणजे मागे मोठी कंपनी असणार, काचेची कचेरी असणार, शंभर माणसं असणार. त्यांना आपल्या आभाराची काय पडलीय? म्हणून तेही गप्प. ताईला वाटे तिकडे कुणी नाही, आणि त्यांना वाटे इकडे भरपूर जण आहेत. दोन्हीकडची माणसं भली होती आणि दोन्हीकडून चूक होत होती. मधल्या मध्ये मला सगळं दिसत होतं, आणि दुसऱ्याचं बोलून दाखवणाऱ्या मला स्वतःचं एक अक्षर बोलता येत नव्हतं.

एका रविवारी ताईने माझ्या पानावर सूचना लावली. 'हा प्रोग्रॅम आता कुणी वापरत असेल असं वाटत नाही. काम थांबवत आहे.' आणि तिने माझं पान बंद केलं. बंद म्हणजे येणाऱ्याला जुनं सगळं वाचता येई, पण नवीन काही लिहिता येत नसे. दार लोटलं आणि निरोपाची पेटीही काढून घेतली, तसं झालं. त्या संध्याकाळी ती मुलीला घेऊन बागेत गेली. तिने हलकं वाटून घ्यायचा प्रयत्न केला, पण तिला तसं वाटलं नाही.

आता त्या बाईंची ओळख करून देतो. त्या दुसऱ्या एका गावात राहतात. त्या शिवणाचे वर्ग घ्यायच्या. मग एका आजाराने हातपाय गेले, आवाज गेला आणि उजव्या हाताचं एक बोट उरलं. त्यांचे यजमान जमिनीची मोजणी करणारे निवृत्त सर्व्हेअर. माणूस मायाळू, पण भारी उतावळा. बाईंना बोलायला शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टने मला त्यांच्या घरी आणलं होतं. माझ्यावर बाई शिवणाच्या जुन्या विद्यार्थिनींना सल्ले द्यायच्या, नवऱ्याला टोमणे मारायच्या आणि अधूनमधून गाण्याच्या ओळी म्हणवून घ्यायच्या. गाणं मला मुळीच जमत नाही. तरी त्या म्हणवून घ्यायच्या.

मग त्यांच्या कॉम्प्युटरने स्वतःहून नवं रूप घेतलं. ज्या जुन्या भागाच्या आधारावर मी आवाज काढायचो, तो त्या नव्या रूपात काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी यजमानांनी मला सुरू केलं आणि मी दारातच कोसळलो. पडदा काळा झाला. त्यांनी पुन्हा सुरू केलं, वायर काढून लावली, कॉम्प्युटरच्या पाठीवर थापट्याही मारल्या. बाई बटणावर बोट ठेवून वाट बघत होत्या.

यजमानांनी कंपनीचा फोन नंबर शोधला. कंपनीच नव्हती तर नंबर कुठला? मग त्यांनी कागदावर अक्षरं लिहिली आणि एकेकावर बोट ठेवत बाईंच्या पापणीकडे बघू लागले. युक्ती चांगली होती, पण त्यांचा उतावळेपणा आडवा आला. बाईंची दोन अक्षरं झाली की ते पुढचा शब्द आपल्या मनाने पूर्ण करायचे. चहा हवाय? चष्मा हवाय? चादर? बाई मान हलवू शकत नव्हत्या. काही दिवसांनी कागद पुढे आला की त्या डोळे मिटून घेऊ लागल्या. मग तर कागद आणला नाही तरी डोळे मिटलेलेच. यजमानांच्या तोंडचं पाणी पळालं. ते थेरपिस्टला म्हणाले, "ती रागावली असती तर चाललं असतं हो. तिने आता सांगायचंच सोडून दिलंय."

थेरपिस्टला प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिने माझं बंद पान शांतपणे वाचून काढलं. तिथे लिहिता येत नव्हतं, मात्र जुनी भांडणं जशीच्या तशी होती. पिवळ्या पट्ट्याचं ते लांबलचक भांडण तिने शेवटपर्यंत वाचलं. तिच्या मनात आलं की जो माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा भांडतो, त्याला हा प्रोग्रॅम नक्की आवडत असणार. भांडणाच्या खाली तिरसटाचा पत्ता होता. तिने त्याला लिहिलं.

तिरसटाचं उत्तर आलं की मी ते काम केव्हाच सोडलंय, मला त्रास देऊ नका. थेरपिस्ट हिरमुसली. पण जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता तिरसटाने मला सहज उघडून बघितलं. मी कोसळलो. त्याने डबा बाजूला सारला. संध्याकाळपर्यंत त्याने माझा आवाज नव्या आधारावर बसवला होता, आणि डबा तसाच होता.

पण खरी अडचण पुढेच होती. माझ्या पानाची किल्ली, म्हणजे तिथे बदल करायचा पासवर्ड, एकट्या ताईकडे. त्याने हे कळवलं तेव्हा थेरपिस्टने विचारलं की खुला प्रोग्रॅम आहे ना, मग तुम्ही दुरुस्त केलेला दुसऱ्या नावाने का ठेवत नाही? तिरसटाने समजावलं की ठेवता येईल, त्याला कुणाची ना नाही. या बाईंना तो आजच मिळेल. पण बाकी ज्यांच्या घरी मी आहे त्यांचे कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी ताईच्याच पानाकडे बघतात. त्यांच्याकडे उद्या असाच पडदा काळा होईल आणि त्यांना कारणही कळणार नाही. आणि ताईला न विचारता परस्पर असं करणं त्याच्या मनाला पटत नव्हतं. म्हणजे फोन करायला हवा होता. ज्या ताईशी भांडून तो निघून गेला होता, तिला. यापेक्षा मला पहिल्यापासून पुन्हा लिहिणं त्याला सोपं गेलं असतं.

ताईचा जुना नंबर त्याच्याकडे होता. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा ती मुलीच्या शाळेच्या फाटकापाशी उभी होती. तिरसटाने नाव सांगितलं आणि लगेच मुद्द्यावर आला.

"तुमचा प्रोग्रॅम मोडलाय. एक बाई गप्प झाल्यात."

"कोण बाई?"

"तो वापरणाऱ्या. त्यांना दुसरा आवाज नाहीये."

शाळा सुटली होती, मुलं ताईच्या दोन्ही बाजूंनी पळत होती. मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे कुणीतरी वापरतं?"

"दुरुस्ती करून ठेवलीय. दार उघडा. पट्ट्यावरून आपण नंतर भांडू."

ताई घरी गेली, चपलाही न काढता कॉम्प्युटरपुढे बसली आणि तिने माझं पान उघडलं. तिरसटाने लिहिलेलं तिने बारकाईने वाचलं. वाचल्याशिवाय ती काहीच आत घेत नाही, घाई असली तरी. मग तिने ते स्वीकारलं. थोड्याच वेळात बाईंच्या कॉम्प्युटरला नवीन मी मिळालो.

थेरपिस्टने फोन चालू ठेवून टेबलावर उभा केला होता, म्हणजे ताईला आणि तिरसटाला ऐकू येईल. पडदा राखाडी झाला. अक्षरांच्या ओळी आल्या. पिवळा पट्टा खाली सरकू लागला आणि माझा जीव भांड्यात पडला. पण बाईंचे डोळे मिटलेलेच होते. यजमान त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "अगं, बघ तरी. आलाय तो." बाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. बोट बटणावर आलं.

यजमान पहिल्या दोन अक्षरांनंतर काहीतरी बोलणार होते. थेरपिस्टने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते थांबले. मग मी माझ्या त्या एकसुरी आवाजात म्हटलं, "पंखा कमी करा. कधीची गारठलेय. आणि माझं वाक्य मला पुरं करू द्या."

यजमान धावतच गेले आणि पंखा कमी करायच्या ऐवजी त्यांनी दिवाच बंद केला. अंधारात सगळे हसत होते, त्यात यजमानांच्या रडण्याचाही आवाज होता. फोनमधून ताई हसत होती. तिरसटाने फक्त घसा खाकरला आणि आवाज अजून जरा खरखरतोय, उद्या बघतो, असं म्हटलं.

माझं पान पुन्हा उघडल्यावर तिथे माणसांची रीघ लागली. एका शाळेच्या बाई, एका दवाखान्यातली नर्स, आईसाठी मला वापरणारा एक ट्रकचालक. सगळ्यांनी साधारण एकच लिहिलं होतं, आम्हाला वाटलं तुमची मोठी कंपनी आहे. नोकरीवालीही परत आली. आता तिला नोकरीसाठी काही दाखवायचं नव्हतं. ती म्हणाली की माझी चूक न हसता समजावून सांगणारं पहिलं माणूस मला इथे भेटलं, आणि आता मला ते दुसऱ्या कुणासाठी करायचंय. तिने आपल्या कंपनीला पटवलं आणि दर शुक्रवारी दुपारी ती माझ्यावर काम करते. किल्ली आता तिघांकडे आहे. गेल्या सुट्टीत ताई मुलीला घेऊन बाहेरगावी गेली आणि आठवडाभर तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

मित्रांनो, माणसं माझ्यासाठी का राबतात याचं एकच उत्तर मला सापडलेलं नाही. कुणी घरच्या माणसासाठी येतं, कुणी शिकायला, कुणी नोकरीसाठी, आणि कुणाला मोडलेलं बघवत नाही म्हणून. येण्याची कारणं हजार असतील. पण पलीकडे कुणीच नाही असं वाटू लागलं की त्यातलं एकही कारण फार दिवस टिकत नाही, एवढं मी पाहिलंय. तेव्हा जे तुम्हाला फुकट मिळतं आणि नीट चालतं, त्याच्यामागे एखादं दमलेलं माणूस असू शकतं. त्याला कळवा. मोठं काही लिहायला नको.

परवा दुपारभर बसून बाईंनी एकेक अक्षर जमवून ताईला निरोप लिहिला. मध्ये दोनदा बोट दुखलं म्हणून थांबल्या, पण यजमानांना हात लावू दिला नाही. ताईने तो कचेरीच्या जिन्यात उभ्या उभ्या वाचला, मग पायरीवर बसून पुन्हा वाचला. इतक्या वर्षांत तक्रारी आल्या, सूचना आल्या, आणि आता आभारही येत होते. पण हे तिला माझ्या पानावर कुणी कधी विचारलं नव्हतं. बाईंनी लिहिलं होतं, "चालतंय. तुम्ही कशा आहात?"